आक्कासाहेबांचं कुंकू

१

आक्कासाहेबांचं कपाळ पन्नास वर्षं पांढरंफटक होतं आणि संस्थेचा सगळा कारभार त्या कपाळावर चालत होता.

बारामतीच्या आक्कासाहेब कन्या प्रशालेत मुलगी घातली की निम्मं लग्न ठरलं, असं बावड्यापासून कऱ्हाटीपर्यंत म्हणत. बालविधवा आक्कासाहेब बावड्याहून मोकळ्या हातानं आल्या, एका गोठ्यात पोरींना घेऊन बसल्या आणि त्या गोठ्याची दुमजली शाळा झाली. हा इतिहास संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब दर गॅदरिंगला सांगत. 'वैधव्याच्या काळोखातून' या शब्दांवर त्यांचा आवाज फाटे. तो कुठं फाटणार हे पाचवीच्या पोरींनाही पाठ होतं.

शहाण्णव साल, म्हणजे सुवर्णमहोत्सवाचं वर्ष. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्या सकाळी सभागृहात प्रार्थना चालू होती. 'मागे पाहू नका, पुढे पाहा' अशी शिस्त असल्यामुळे सगळ्या पोरी समोरच्या भिंतीवरच्या आक्कासाहेबांच्या भल्यामोठ्या फोटोकडे पाहत होत्या. दहावीतली प्रतिक्षा कडव्याच्या मधेच किंचाळली.

"आक्कासाहेबांनी कुंकू लावलंय!"

प्रार्थना तुटली. विज्ञानाच्या मुलाणी बाईंनी चष्मा वर केला. शहाजादी मुलाणींकडे शाळेत दोन कामं होती. विज्ञान शिकवायचं आणि ईदला स्टाफरूममध्ये शीरखुर्मा आणायचा. दुसऱ्या कामाबद्दल सगळे समाधानी होते. आज तिसरं काम अंगावर आलं, कारण बाकीच्या बाया दोन पावलं मागं सरल्या होत्या.

त्या स्टुलावर चढल्या. आक्कासाहेबांच्या दोन भुवयांच्या मधोमध, विधवेच्या त्या कोऱ्या कपाळावर, लालभडक टिळा होता. बाईंनी डस्टर घेतलं आणि पुसलं. पुन्हा पुसलं, जोर लावून.

टिळा हलला नाही. तो काचेवर नव्हताच, काचेच्या आत होता.

२

दादासाहेब जीपमधून आले ते कपाळाला हात लावूनच उतरले. चौकट उतरवून पाहिली. मागचे खिळे जागच्या जागी होते, वरची चिकटपट्टी अखंड होती. सभागृहाची किल्ली वसतिगृहाच्या रेक्टर कुशाबाईंच्या कनवटीला असायची. आक्कासाहेबांबरोबर बावड्याहून आलेली ही म्हातारी. आक्कासाहेब गेल्या तरी तिनं त्यांची खोली झाडायची सोडली नव्हती.

"कुलूप म्या काल लावलं, आज म्या काढलं," कुशाबाई म्हणाल्या. "मधी कोन आलं न्हाय."

"मग आत गेलं कोण?" दादासाहेब म्हणाले.

"जी आत हाय तीच," मागून कुणीतरी पुटपुटलं, आणि दोन पोरी खाली बसल्या.

काचेच्या आत, चौकटीच्या खालच्या कडेला, पिवळट पांढरी भुकटी साचलेली बाईंना दिसली. पोरींनी तिचं नावही ठेवून टाकलं होतं : विभूती. ती विभूती म्हणून चालली असती तर दादासाहेबांची हरकत नव्हती. चमत्कार संस्थेला परवडतो. पण विधवेच्या कपाळी कुंकू हा चमत्कार नव्हे, बदनामी. पंधरवड्यावर सोहळा आला होता आणि स्मरणिका छापून झाली होती.

म्हणून वसतिगृहातल्या ट्रंका उघडायचं ठरलं. कुशाबाईंनी उघडल्या. नकोशी मारकडच्या ट्रंकेत, परकराच्या घडीखाली, कुंकवाची लाकडी डबी निघाली.

नकोशी लासुर्ण्याची. तीन बहिणींच्या पाठीवर झालेली, म्हणून हे नाव. एके काळी मेंढरं राखणाऱ्या घरातून दहावीपर्यंत आलेली पहिलीच मुलगी. शाळेची रीत अशी की दर महिन्याला दहावीतल्या एकीकडे आक्कासाहेबांपुढच्या समईची पाळी. या महिन्याची पाळी तिची होती. एवढा पुरावा दादासाहेबांना पुष्कळ होता.

"ही डबी माजी न्हाय," नकोशी म्हणाली. "आईची शपत."

"चोराच्या तोंडी आईच असते," दादासाहेब म्हणाले. "घरी जा. बापाला निरोप देतो."

दुपारच्या एसटीनं तिला पाठवलं. फाटकापाशी तिनं मुलाणी बाईंना गाठलं. ती रडत नव्हती, हे बाईंना जास्त लागलं.

"बाई, मला हितनं काढली म्हनल्यावर आबा थांबायचं न्हाईत. बावड्याचं स्थळ येऊन बसलंय. पुढच्या रविवारी सुपारी फोडत्याल."

"रविवारच्या आत बघते," बाई म्हणाल्या. काय बघणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाचं कुलूप सगळ्यांसमक्ष काढलं. नकोशी तेव्हा लासुर्ण्यात शेण भरत होती.

आक्कासाहेबांच्या उघड्या गळ्यात काळे मणी आले होते.

३

"म्हणजे पोरगी जाताना काहीतरी करून गेली," दादासाहेब म्हणाले. एकदा काढलेला निकाल मागं घेण्याची त्यांना सवय नव्हती.

मुलाणी बाईंनी मधल्या सुट्टीत प्रतिक्षाला गाठलं.

"तूच पहिल्यांदा पाहिलंस. आधी काही जाणवलं होतं?"

प्रतिक्षाचा आवाज खाली आला. "बाई, आक्कासाहेब बोटं मोडतात. आम्ही शिवणाला बसतो ना सभागृहात, तेव्हा. लाईट गेली की टिक... टिक... असं. आधी हळू, मग भराभर. आमचं शिवण बंद पडलंय."

"लाईट असताना?"

"तेव्हा गप्प असतात. बाई, तुम्ही खिडक्या उघडू नका. नकोशी म्हणायची, वारा लागला की थांबतात आणि आपल्याकडे बघतात."

"नकोशी घाबरायची?"

"नाही ना! तीच एकटी जवळ जायची. म्हणून तर तिच्यावर आलं."

दुपारी बाई इंदापूरला हैदरच्या दुकानात गेल्या. सुवर्णमहोत्सवासाठी फोटोची नवी चौकट सहा महिन्यांपूर्वी त्यानंच केलेली.

"आपा, अल्लाकसम, फोटोला बोट न्हाय लावलं," हैदर म्हणाला. "पुठ्ठ्यासकट उचलला, नव्या चौकटीत ठेवला. तरी लई छळलं त्यानं. एका बाजूला पुठ्ठा कापलेला, तिरका. खाली स्टुडिओचं नाव, तेपन अर्धंच."

"अर्धं कसं?"

"आता ज्यानं कापलं त्याला इचारा. दादासाहेब म्हनले, देवागत दिसलं पायजे, आतनं उजेड पायजे. म्हनून वरच्या दोन कोपऱ्यांत बल्ब बसवलं. तेबी त्यांनीच आनून दिलं, त्यांच्या पोल्ट्रीतलं."

परत येऊन बाई कुशाबाईंच्या खोलीत गेल्या. म्हातारी चहा गाळत होती. तिच्या कपाळावरचं कुंकू ओघळल्यासारखं पसरलं होतं; नाकाच्या शेंड्यावर लाल कण, पदरावर लाल कण. एकदा तिनं मान खाली घातली तर चिमूटभर कुंकू बशीत पडलं.

"आक्कासाहेबांचे यजमान कधी वारले?" बाईंनी विचारलं.

"ती ल्हान असताना."

"कशानं?"

"प्लेगानं." उत्तर पटकन आलं, पण गाळणं हातातून निसटलं. "मेलेल्या मानसाची चौकशी कशाला करतीस, पोरी? त्या पोरीनं चावटपना केला, ती गेली. आता झाक त्यो फोटो."

बाई काही बोलणार तोच बाहेर धावपळ ऐकू आली. शाळा सुटली होती, तरी सभागृहाच्या दारात पोरींचा घोळका होता. कुणीही आत पाय टाकत नव्हतं. लाईट नुकतीच गेलेली. आतून आवाज येत होता : टिक. टिक. टिकटिक.

बाई आत गेल्या. सावलीतही फोटो दिसत होता. कपाळावर कुंकू. गळ्यात मणी. आणि आता आक्कासाहेबांच्या डाव्या खांद्यावर, पदरावर रुतलेली, चार बोटं.

बाईमाणसाची नव्हती. करंगळीशेजारी अंगठी होती, आणि बोटांच्या मागं माणूस नव्हता.

४

मुलाणी बाई त्या बोटांकडे बघत उभ्या राहिल्या. भीती घालवणारी आयतुल कुर्सी मनात म्हणून झाली. मग विज्ञानाचा तास घ्यायची सवय हळूहळू परत आली.

कुंकू कुणीही काढेल. मणी काढायला जरा हात लागतो. पण ही बोटं? नखांवरची चमक, सांध्यावरची सुरकुती, पदराला पडलेली चुणी, सगळं फोटोच्याच त्या जुन्या तपकिरी रंगात होतं. असं रंगवणारा माणूस बारामतीत असता तर दादासाहेबांनी त्याला आधीच स्वतःचं चित्र काढायला बसवलं असतं. आणि त्यानं बंद काचेच्या आत शिरून हे करायचं.

त्यांनी तळहात काचेवर टेकवला. खाली गार होती. वरती, बल्बच्या जवळ, अजून कोमट.

लाईट आली. पिवळा उजेड आक्कासाहेबांच्या चेहऱ्यावर पसरला आणि टिकटिक थांबली. बाई तशाच हात लावून थांबल्या, तळवा पोळेपर्यंत.

भुकटी आज थोडी जास्त साचली होती.

मग त्यांच्या लक्षात आलं की आपण सगळे चुकीचा प्रश्न विचारत होतो. या फोटोवर कोण काय लावतंय, असं शाळाभर चाललं होतं. कुणीच काही लावत नव्हतं. फोटोवरून काहीतरी गळत होतं.

राहिली ती डबी. बाईंनी ऑफिसातून ती मागून घेतली. दादासाहेबांनी तिच्यातलं कुंकू पाहिलं आणि झाकण लावलं होतं. ज्या घरात कुंकू लावतात त्या घरातल्या माणसाला कुंकवाची डबी कधी नीट दिसत नाही. बाईंनी दुसरा कप्पा उघडला. त्यात मेण होतं. एकाच बोटानं रोज घासून घासून मध्ये खळगा पडलेलं.

त्यांनी डबी पर्समध्ये टाकली आणि शिपायाला सांगितलं, "दादासाहेबांना बोलाव. आणि कुशाबाईंना. सभागृहात. बाकी कुणी नको."

५

"बोला बाई," दादासाहेब म्हणाले. फोटोकडे पाठ करून बसायला मिळेल अशी खुर्ची त्यांनी निवडली होती.

"तुमच्या पोल्ट्रीत पिल्लांना ऊब द्यायला बल्ब लावता ना?"

"लावतो की."

"तेच तुम्ही आक्कासाहेबांना लावले, तेही काचेच्या बंद पेटीत. सहा महिने उबवलंत त्यांना. आता त्यातून जे निघायचं ते निघालंय."

बाई पुढं म्हणाल्या, "हा फोटो पूर्वी कुणीतरी रंगानं झाकून घेतला होता. कपाळ झाकलं, गळा झाकला, खांदा झाकला. बल्ब तापले की तो रंग फुगतो, लाईट गेली की आकसतो आणि तडकतो. तोच टिकटिक आवाज. पपडी गळते ती विभूती. वरून ऊब लागते म्हणून आधी कपाळ उघडं पडलं, स्टुडिओवाल्यानं तेव्हा हातानं लाल भरलेलं कुंकू दिसलं, मग गळा. खांद्यावर रंगाचा थर जाड होता, त्याला वेळ लागला. पुठ्ठा एका बाजूनं कापलाय, स्टुडिओचं नाव अर्धं आहे. कारण फोटो एकटीचा नव्हता. जोडप्याचा होता."

"मग त्यात काय? वैधव्याच्या आधीचा असेल."

"असेल. मग झाकायला नुसतं कुंकू पुरलं असतं, साहेब. नवरा मेलेली बाई त्याचा फोटो जपून ठेवते. इथं त्याला कापून काढलाय."

बाईंनी पर्समधून डबी काढली आणि कुशाबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"वसतिगृहातल्या झाडून सगळ्या पोरी पाकिटातल्या टिकल्या लावतात. मेणावर कुंकू लावणारी या आवारात एकच बाई आहे. आणि नकोशीच्या ट्रंकेत डबी सापडल्यापासून त्या बाईचं कुंकू कपाळावर ठरत नाही. आताही तुमच्या नाकावर पडलंय, कुशाबाई. मेण द्यायचं नव्हतंत. नुसतं कुंकू टाकलं असतंत तर मी हरले असते."

म्हातारीनं नाक पुसलं नाही. ती फोटोतल्या बोटांकडे बघत होती.

"त्यो हात माज्या भावाचा हाय," ती म्हणाली.

दादासाहेब खुर्चीत वळले.

"तुमी पन्नास वर्सं मानूस चुकीचं धरलंय, दादासाहेब. इधवा मी व्हते. आक्का न्हाय. ती माजी वैनी. माजा नवरा मी परकरात असताना म्येला, मला म्हायेरी आनून टाकली. ही रातंदिस पुस्तकं वाचायची आन मला शिकवायची. भावानं पुस्तकं चुलीत घातली. मंग हिला हानली. तवा आमी दोगी उठलो आन चालत सुटलो."

"पण... प्लेग?" दादासाहेब म्हणाले. स्मरणिकेत प्लेगाला पूर्ण पान होतं.

"हितं आल्यावर लोक इचारायचं, मालक कुटं असत्यात? नाव सांगितलं असतं तर भाऊ दुसऱ्या दिशी केसाला धरून न्हेता. मेलेल्याचा पत्ता कुनी इचारीत न्हाय. म्हनून तिनं त्याला तोंडानं मारला. कुंकू पुसलं, अंगावरचं डाग-डागिनं विकलं. तिचा ह्यो एकच फोटो व्हता, त्यातनं भावाला कापला आन बाकीवर रंग मारून घेतला. मी तर बोडकीच. पर दोन बोडक्या कपाळांच्या घरात पोरी कोन धाडील? तिनं ही डबी माज्या हातात दिली. म्हनली, कुशा, एकीचं तरी लाल पायजे. तवापासनं मी तिचं कुंकू लावती."

बोलताना तिनं डबीला हात लावला नाही.

"त्या सकाळी म्या फोटो बघितला. म्हनलं, आता समदं उगडं पडतंय. कुनाचातरी चावटपना ठरला तर लोक नीट बघायचं न्हाईत. दिव्याची पाळी त्या पोरीची. म्हनलं, गरिबाची हाय, जाईल घरी, कोन इचारतंय."

"ज्या पोरींसाठी आक्कासाहेबांनी हे सगळं केलं, त्यांतलीच एक तुम्ही घरी पाठवलीत," बाई म्हणाल्या.

कुशाबाईंनी डोळे मिटले.

दादासाहेबांनी मात्र तोवर संस्थेचा विचार करून टाकला होता. "हे बघा, झालं ते झालं. हे या चार भिंतींत राहील. आक्कासाहेब विधवाच होत्या. नवरा टाकून आलेली बाई संस्थापक म्हणून स्मरणिकेत घालता येत नाही. फोटो माळ्यावर टाकू, नवीन काढून घेऊ. पोरीचं पुढच्या वर्षी बघू. आत्ता परत आणली तर लोक विचारतील, मग कुणी केलं?"

"पुढच्या वर्षी ती बावड्यात नांदत असेल," बाई म्हणाल्या.

"नशीब ज्याचं त्याचं."

तेव्हा कुशाबाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश.

"दादासाहेब, सोहळ्यात माजा सत्कार हाय न्हवं?"

"आहे की. शाल, नारळ..."

"आन दोन शब्द बोलायला माईक?"

दादासाहेबांनी रुमाल काढला. त्यांना लोक थोर वक्ते म्हणत. माईक दुसऱ्याच्या हातात गेला की काय होतं याची त्यांच्याइतकी जाण कुणाला नव्हती.

"पोरीला घेऊन या," ते म्हणाले. "गैरसमज झाला म्हणून सांगा."

"कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"सर्वांचा," दादासाहेब म्हणाले.

६

दादासाहेबांची पत्रावर सही होईपर्यंत रविवार उजाडला. सकाळी लासुर्ण्याच्या फाट्यावर मुलाणी बाई आणि कुशाबाई उतरल्या. उसाच्या दोन रानांमधून वाट होती. बिरदेव मारकडच्या दारात सारवलेलं अंगण, घोंगडी अंथरलेली, पानाचं तबक तयार. पाहुणे यायचे होते.

नकोशी हिरव्या साडीत ओट्यावर बसली होती. बाईंना बघून ती उठली आणि तिथंच उभी राहिली, पुढं आली नाही.

"या बाई, बसा," बिरदेव म्हणाला. "पर लई उशीर केलासा."

"गैरसमज होता. शाळेनं परत बोलावलंय."

"शाळा आज बोलावती, उद्या हाकलती. पाव्हनं वाटंला लागल्यालं हायती. मी त्यास्नी शबूद दिलाय. आन गावात तर झालंय, बिरदेवाच्या पोरीनं मेलेल्या बाईला कुंकू लावलं म्हनून. हिला आता कोन करनार?"

मुलाणी बाईंनी समजावलं. विज्ञान सांगितलं, बल्ब सांगितले. बिरदेव मान डोलवत राहिला, पोस्टातल्या माणसासमोर डोलवतात तशी.

कुशाबाई खाली घोंगड्यावर बसल्या. त्यांचं कपाळ आज कोरं होतं. मुलाणी बाईंनी ते एसटीतच पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं.

"बिरदेवराव, तिच्या ट्रंकेत डबी म्या टाकली," त्या म्हणाल्या. "माजं पाप हाय. माज्या वैनीचं नाव राखायला केलं. ती नवऱ्याला सोडून आल्याली व्हती. इधवा न्हाय. त्यो जित्ता व्हता, दुसरी करून सुखानं म्येला." आणि मग दादासाहेबांच्या चार भिंतींत राहायचं ते सगळं कुशाबाईंनी लासुर्ण्याच्या अंगणात ओतलं.

बिरदेवनं पान लावायला घेतलं होतं, ते हातातच राहिलं.

"म्हंजी एवढी मोठी शाळा," तो म्हणाला, "पळून आल्याल्या बाईनं काडली?"

"व्हय."

"आन खोटं बोलून?"

"व्हय."

त्यानं पोरीकडं पाहिलं. "तुला काय वाटतं गं?"

घरात असा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच विचारला गेला असावा, कारण आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"आबा, मार्चला परीक्षा हाय," नकोशी म्हणाली. "मला ती द्यायची हाय."

दूर वाटेवर जीपचा धुरळा उठला. बिरदेव उठला, आत गेला आणि ट्रंक खांद्यावर घेऊन बाहेर आला.

"मागल्या वाटंनं चला. बारामतीची एसटी येती आता. साडी राहू दे अंगावर, बदलत बसू नगं."

उसातून वाट काढत ते चौघं फाट्याला आले. एसटी आली. बिरदेवनं ट्रंक आत ढकलली, पोरीला चढवलं आणि मागं वळला. जीप त्याच्या दारात थांबल्याचं इथूनही दिसत होतं. माणसं खाली उतरून टोप्या नीट करत होती.

मुलाणी बाईंनी खिडकीतून विचारलं, "पाहुण्यांना काय सांगणार?"

बिरदेव थांबला. विचार त्यानं वाटेतच करून ठेवला होता.

"झपाटलीय म्हनून सांगतो," तो म्हणाला. "पोरगी शिकतीय म्हनलं तर समजूत घालत सांजपतूर बसत्याल, बाई. भूत लागलंय म्हनलं की च्या बी पीत न्हाईत."